सहभागाचे तास बुडू नयेत म्हणून

पहिल्या वर्षाच्या मानसशास्त्राला संशोधनात सहभागाचे तास, म्हणजे संशोधकांच्या प्रयोगांत स्वतः भाग घेऊन मिळणारे तास, भरायचे असतील, तर सेमिस्टरअखेर सगळेच धावतात आणि स्लॉट मिळत नाहीत. पहिल्याच महिन्यात दोन घेऊन टाका. रविवार शक्यतो टाळा. मेगाब्लॉकमध्ये गाडी रखडली की तास गेलाच.

वय 18 पूर्ण नसेल तर संमतीपत्रावर पालकांचीही सही लागते, म्हणून फॉर्म आधीच मागून घ्या. माझी बहीण डोंबिवलीहून दीड तास उभी गेली आणि या एका सहीसाठी दारातूनच परत आली. फार वाईट वाटलं.

निघताना तारीख आणि संशोधकाची सही असलेल्या कागदाचा, तास भरल्याचा पुरावा म्हणून, फोटो काढा.

प्रश्न नकोसे वाटले तर मध्येच थांबता येतं, तो हक्कच आहे. मात्र तेव्हा तास धरतात का, हे सुरुवातीलाच विचारा.