लाकडी लुअर: रंगाआधी बादलीत तरंगवून बघा

हतनूर धरणाच्या फुगवट्यात किंवा गावतळ्यात, पाणवनस्पतींच्या कडेला मरळ धरायची तर पृष्ठभागावर खळबळ करणारा, पुढून खोलगट तोंडाचा लाकडी मासा, म्हणजे लुअर (खोटं आमिष), घरीच करता येतो. लाकूड हलकं हवं. पांगारा उत्तम, सागवान जड पडतं. सात-आठ सेंटिमीटरचा तुकडा पुरे.

नाकापासून शेपटीपर्यंत स्टीलची तार आरपार घाला. दोरा आणि हुक अडकवायचे नुसते आकडे स्क्रूसारखे पिळून बसवले तर मरळीच्या झटक्याने उपटून येतात, आणि हलक्या लाकडात तर हमखास.

खरी मेख शिशात आहे. पोटाला, मध्यापेक्षा शेपटीकडे छिद्र पाडून शिसं बसवायचं. पण ते लगेच चिकटवू नका! आधी शिसं तात्पुरतं बांधा, जे तिकडी (तीन टोकांचे) हुक शेवटी लावणार तेच अडकवा आणि लुअर बादलीत सोडा. शेपूट पाण्यात, तोंड किंचित वर असं तिरपं तरंगलं पाहिजे. आडवं पडलं तर शिसं मागे सरकवा. कुशीवर कलंडलं तर ते मध्यरेषेवर नाही. बुडायला लागलं तर थोडं कापा. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

मग शिसं चिकटवून, छिद्र बुजवून पॉलिश पेपर मारा आणि सगळीकडून इपॉक्सीचे दोन हात द्या, तारेच्या तोंडाशी जास्त. तिथूनच पाणी शिरतं, लाकूड फुगतं, रंग तडकतो. रंगाची फार चिंता करू नका, मरळीला आधी हालचाल जाणवते.

धरणावर मासेमारीचा ठेका असतो, परवानगी विचारूनच गळ टाका.