लोअर केलेली गाडी अलाइनमेंटला नेण्याआधी

स्प्रिंगा बदलून गाडी खाली बसवली (म्हणजे लोअर केली) की अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करावीच लागते, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. तरी बहुतेकजण चावी देतात, ‘करून टाका’ म्हणतात आणि चहाला जातात. परत येईपर्यंत स्क्रीनवरचे आकडे हिरवे झालेले असतात, आणि काही महिन्यांनी टायर आतून गुळगुळीत झालेले दिसतात. मशीनमधली हिरवी पट्टी कंपनीच्या उंचीसाठी भरलेली असते. तुमची गाडी आता त्या उंचीवर नाही, म्हणून कोणते आकडे हवेत हे घरून ठरवून जायचं. उदाहरणाला २०१८ साली आलेली तिसऱ्या पिढीची स्विफ्ट घेऊ: ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी, टायर १८५/६५ आर १५, आणि खाली ३५ मिमीने लोअर करणाऱ्या स्प्रिंगा. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकत्र असलेला उभा खांब), मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा). आपल्याकडे लोअर होणाऱ्या बऱ्याच हॅचबॅकची रचना अशीच असते.

पहिली गोष्ट म्हणजे घाई नको. नव्या स्प्रिंगा टाकल्या त्याच दिवशी अलाइनमेंट केलीत तर पैसे वाया. स्प्रिंग, तिची सीट, बुश सगळं थोडं खाली बसतं. तीन-चारशे किलोमीटर खड्डे आणि स्पीडब्रेकर खाऊन झाल्यावर मग मोजा. मधल्या काळात स्टेअरिंग उघडच वाकडं झालं असेल किंवा गाडी ओढत असेल, तर फक्त टो (वरून पाहताना चाकं पुढे आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) तात्पुरता सरळ करून घ्या, कॅम्बरच्या (समोरून पाहताना चाक आत किंवा बाहेर झुकण्याचा कोन) भानगडीत पडू नका.

उंची चारही कोपऱ्यांवर मोजून वहीत लिहा. सपाट जागा, चाकं सरळ, आणि चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंत टेप. जमिनीपासून मोजलंत तर टायरमधली हवाही त्या आकड्यात मिसळते. डावी-उजवीत पाच-सहा मिमीचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर स्प्रिंग सीटमध्ये नीट बसली आहे का, वरचा रबर सरकला आहे का, हे आधी बघा. कॉइलओव्हर (उंची फिरवून बदलता येते असे स्ट्रट) असतील तर उंची इथेच कायमची ठरवायची आणि चेकनट आवळून टाकायचे. अलाइनमेंटनंतर ‘अजून जरा खाली’ केलंत की केलेलं सगळं पुसलं जातं.

आता सगळ्यात दुर्लक्षित काम: लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे, रबरी बुश. हे रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं आणि पीळ खाऊन काम करतं. स्प्रिंग बदलताना गाडी जॅकवर, चाक लोंबकळत असताना मेकॅनिकने आर्मचे बोल्ट आवळले, तर गाडी खाली उतरताच बुश कायमचा पिळलेला राहतो. तो लवकर फाटतोच, शिवाय गाडीला वर ढकलत राहतो आणि तुमची उंची नि कोन दोन्ही खोटे पडतात. उपाय फुकट आहे: गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना, गॅरेजच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर, ते बोल्ट सैल करायचे, गाडी दोनदा दाबून सोडायची आणि कंपनीने सांगितलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) परत आवळायचे. मागच्या बीमच्या बुशलाही हेच. गॅरेजवाला ‘काय फरक पडतो’ म्हणाला तर गॅरेज बदला.

मग ढिलाई तपासा. चाक उचलून वर-खाली धरून हलवलं आणि खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर जाणवला तर बहुधा टाय रॉड एंड (स्टेअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचं टोक) किंवा स्टेअरिंगचा रॅक. उभ्या गाडीचं स्टेअरिंग फिरवताना वरून ‘टक्’ आवाज येत असेल तर स्ट्रट माउंटचं बेअरिंग. यातलं काहीही गेलेलं असेल तर मशीनवरचा आकडा गाडी रॅम्पवरून उतरेपर्यंतच खरा. रिम वाकलेला असेल तर तो आधी सरळ करून घ्या.

टाय रॉडचे चेकनट गंजलेले असतात, आणि कोकणातल्या, गोव्यातल्या गाड्यांचे तर हमखास. आदल्या संध्याकाळी त्यांच्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, नाहीतर सेंटरवर कारागीर एकाच बाजूचा सुटतो म्हणून त्याच बाजूने सगळं फिरवतो आणि स्टेअरिंग वाकडं होऊन बसतं.

जिथे जायचं तिथे फोन करून तीन प्रश्न विचारा. रॅम्प उताराचा आहे की खड्ड्यावर गाडी घ्यायची सोय आहे? लोअर गाडीला खड्डा बरा. उताराचा रॅम्प असेल तर बंपर वाचवायला दोन लाकडी फळ्या डिकीत टाका. कॅम्बर बोल्ट (कॅम्बर बदलता येईल असा खास बोल्ट) बसवून देता का? आणि ‘आधी’चा व ‘नंतर’चा, असे दोन्ही प्रिंट देता का? तिसऱ्याला नकार असेल तर दुसरं सेंटर शोधा. जाताना टाकी अर्धी ठेवा, डिकीतलं फालतू सामान काढा, स्टेपनी जागेवर राहू द्या, आणि टायरची हवा थंड असताना दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे भरा. गाडीत बहुतेक वेळा एकटेच असाल तर ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवून मोजणी करायला सांगा. लोक हसतील, हसू द्या.

आता आकडे. मॅकफर्सनची खोड अशी: गाडी खाली बसते तसं चाक वरून आत झुकतं, म्हणजे कॅम्बर निगेटिव्ह होतो, पण एका हद्दीपर्यंतच. लोअर आर्मचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा बरंच वर गेलं की पुढे चाक वर उचललं जाताना ते टोक आत खेचलं जाऊ लागतं, आणि कॅम्बर वाढायचा थांबून उलटा फिरतो. खूप खाली बसवलेली गाडी वळणात बाहेरच्या टायरच्या बाहेरच्या कडेवर उभी राहते, ती यामुळे. शिवाय रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली उतरतं, म्हणून मऊ स्प्रिंगांची लोअर गाडी वळणात अधिक कलते. ३५ मिमी ही साधारण शहाणी हद्द. रोजच्या वापराला पुढे उणे एक ते उणे दीड अंश कॅम्बर पुरे, आणि डावी-उजवीत फरक अर्ध्या अंशाच्या आत. तेवढा आपोआप आलेला असेल तर हात लावू नका. जास्त आला असेल किंवा दोन बाजू जुळत नसतील तर स्ट्रट आणि नकल (चाक धरणारा भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी एकाच्या जागी कॅम्बर बोल्ट बसतो. त्याचा मध्यापासून बाजूला सरकलेला (एक्सेंट्रिक) भाग फिरवून दोन्ही दिशांना साधारण दीड अंश मिळतो. हा बोल्ट मधोमध मूळ बोल्टापेक्षा बारीक असतो, म्हणून टॉर्क रेंच वापरायलाच लावा, अंदाजाने आवळू देऊ नका.

मिनिटांचा घोळ टाळा. एक अंश म्हणजे ६० मिनिटं. एका मशीनवर उणे १.५० दिसतं ते दीड अंश. दुसऱ्यावर उणे १ अंश ३० मिनिटं दिसतं, तेही दीडच. स्क्रीन अंश-मिनिटांत आहे की दशांशांत, हे कारागिराला सुरुवातीलाच विचारा.

पण टायर खातो तो टो. कॅम्बर बिचारा उगाच बदनाम. एका चाकाचा टो ९ मिनिटांनी, म्हणजे १५ इंची रिमच्या कडेवर मोजून १ मिमीने चुकला, तर ते चाक दर किलोमीटरला सुमारे अडीच मीटर आडवं घासलं जातं. उणे दीड अंश कॅम्बर नीट टो असेल तर टायर बऱ्यापैकी सांभाळतो; त्याच कॅम्बरला चुकीचा टो मिळाला की आतली कड रंधा मारल्यासारखी उतरते. लोअर केल्यावर टो हमखास हलतो, कारण टाय रॉड आणि लोअर आर्म वेगवेगळ्या कमानीत फिरतात. रस्त्यासाठी पुढे एकूण टो शून्य ते १ मिमी आत, दोन्ही चाकांना समान वाटून. मिमीतला आकडा रिमवर मोजलाय की टायरवर, तेही विचारा. तोच १ मिमी या टायरच्या बाहेरच्या व्यासावर साडेपाच मिनिटांचा होतो. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला जाणार असाल तर पुढे उणे अडीच-तीन अंश आणि टो शून्य किंवा किंचित बाहेर, हा वेगळा संसार. ते सेटिंग घेऊन ऑफिसला जाऊ नका.

कास्टर, म्हणजे बाजूने पाहताना स्टेअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल, बहुतेक हॅचबॅकमध्ये बदलता येत नाही. डावी-उजवीत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक निघाला तर आर्म वाकला आहे किंवा सबफ्रेम सरकली आहे, ते शोधा. मागच्या टॉर्शन बीमला ॲडजस्टमेंट नसते. काही गाड्यांत स्टब ॲक्सलमागे (चाक बसतं त्या छोट्या आसामागे) शिम, म्हणजे पातळ चकती, घालून थोडं जमवता येतं. तरी मागचं मोजायलाच लावा, कारण मागची चाकं तिरकी असतील तर पुढचं कितीही सरळ करून गाडी खेकड्यासारखी चालते.

सेंटरवर स्वतः उभे राहा. आधी चाकांना टार्गेट (मशीनचे कॅमेरे बघतात त्या पाट्या) लावून, गाडी पुढे-मागे ढकलून रनआउट (रिमच्या वाकडेपणाची चूक) काढलेला हवा, पुढच्या चाकांखालच्या फिरत्या प्लेटांच्या पिना काढलेल्या हव्यात, गाडी दाबून सोडलेली हवी, कास्टर मोजताना ब्रेक दाबून धरलेला हवा. क्रम: मागचं बघणं, मग पुढचा कॅम्बर, शेवटी टो. कॅम्बर हलला की टो हलतोच, म्हणून उलट्या क्रमाला आडवे व्हा. टो फिरवताना स्टेअरिंग मध्यावर बांधलेलं असावं, आणि रॅकचा रबरी बूट पिळला जाऊ नये. ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून असलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असेल तर स्टेअरिंग अँगल सेन्सर स्कॅनरने शून्यावर आणून घ्या.

बाहेर पडल्यावर सपाट, रिकाम्या रस्त्यावर चालवून बघा. आपले रस्ते मधे उंच आणि डावीकडे उतरते असतात, म्हणून डावीकडे किंचित कल हा दोष धरू नका. जास्त ओढत असेल तर पुढचे दोन टायर अदलाबदल करा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. हेडलाइटचा झोतही तपासा, नाक खाली गेलं असेल तर तो रस्त्यावर जवळच पडतो.

कागदांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीतल्या नोंदींशी विसंगत बदलांना मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १८२अ मध्ये परवानगीबाहेरच्या बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. विमा कंपनीला कळवून ठेवा. दाव्याच्या वेळी वाद घालण्यापेक्षा ते सोपं.

दोन्ही प्रिंट जपून ठेवा आणि हजार किलोमीटरनंतर टायरवर तळहात आडवा फिरवा. आतून बाहेर नेताना कडा बोचत असतील तर टो जास्त आत आहे, बाहेरून आत आणताना बोचत असतील तर बाहेर. दोन्हीकडून सारखंच लागलं तर पुढची तपासणी पाच हजारांवर.