फ्रिजवर लांबून नजर ठेवताय? या चुका टाळा

फ्रिजमध्ये सेन्सर टाकला आणि मोबाईलवर आकडा उमटला, की काम झालं असं समजणाऱ्यांचे मला वर्षभर फोन येतात. ‘अहो, दहा मिनिटांत लावलं!’ लागतंच दहा मिनिटांत. मीही तसंच लावलं होतं, म्हणून आधी माझीच फजिती सांगतो.

चिपळूणजवळच्या आमच्या गावच्या घरी डीप फ्रीझर आहे. मे महिन्यात आई त्यात आमरसाचे डबे भरते. जूनमध्ये आई-बाबा पुण्याला माझ्याकडे आले, घर बंद. फ्रीझरमध्ये डीएस१८बी२० प्रोब (तापमान मोजणारा, वायरच्या टोकाचा सेन्सर) आणि बाहेर ईएसपी३२ बोर्ड (ते रीडिंग वाय-फायवरून पाठवणारा) लावून मी निर्धास्त. शनिवारी संध्याकाळी पावसात लाईट गेली, ती आली सोमवारी सकाळी. फ्रीझर बंद, राऊटर बंद, बोर्डही बंद. माझ्या मोबाईलवर मात्र ‘उणे १९’ झळकत होतं, कारण शेवटचं आलेलं रीडिंग तेच होतं. लाईट आल्यावरही इंटरनेटची लाइन तुटलेलीच होती, ती बुधवारी जुळली. तोवर फ्रीझर पुन्हा उणे १९ वर. आलेखानं शनिवारचा ठिपका आणि बुधवारचा ठिपका सरळ रेघेनं जोडून टाकला. इतका सुंदर आलेख मी त्याआधी पाहिला नव्हता.

खरं काय ते सांगितलं आईच्या रुपयानं. घर बंद करताना ती वाटीत पाणी गोठवते आणि त्यावर नाणं ठेवते. आम्ही गेलो तेव्हा नाणं वाटीच्या तळाशी आणि वर बर्फ. म्हणजे सगळं वितळून पुन्हा गोठलेलं. दोन डब्यांची झाकणं फुगली होती. सगळे डबे माडाच्या बुंध्याशी पुरले. आई मला काही बोलली नाही, पण रात्री जेवताना रस नाही म्हणून बाबा बोलले.

तेव्हापासून इशारा द्यायचं काम मी गावच्या बोर्डाकडे ठेवत नाही. लाईट गेली की तो बिचारा स्वतःच गार पडतो. पुण्यातला माझा रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर, वाट बघतो आणि वीस मिनिटं रीडिंग आलं नाही की बोंब मारतो. मोबाईलवर आकड्याच्या शेजारी ‘इतक्या मिनिटांपूर्वीचं’ हे तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दिसतं. आलेखात खंड पडला तर रेघ तोडायची सोय बहुतेक ठिकाणी असते, कोणी शोधत नाही एवढंच. गच्च भरलेला फ्रीझर झाकण न उघडता साधारण ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला २४ तास आणि साधा फ्रिज जेमतेम ४ तास. बोंब वेळेत आली, तर शेजारच्या काकांना फोन करून बर्फाची लादी आणता येते.

दुसरी चूक म्हणजे प्रोब हवेत लोंबकळत ठेवणं. फ्रॉस्ट-फ्री फ्रिज बर्फ साचू नये म्हणून अधूनमधून स्वतःच हीटर चालवतो. तेव्हा हवा तापते, आतलं सामान जागच्या जागी थंड असतं. नवखा माणूस उणे १५ ला अलार्म लावतो, रात्री तीनला फोन वाजतो, तिसऱ्या रात्री तो अलार्म म्यूट करतो आणि चौथ्या रात्री खरंच दार उघडं राहतं. मी फ्रीझरमध्ये प्रोब पिशव्यांच्या मधोमध खुपसतो आणि फ्रिजमध्ये पाणी भरलेल्या औषधाच्या जुन्या बाटलीत बुडवतो. फ्रीझर सलग ४० मिनिटं उणे १२ च्या वर राहिला तरच फोन वाजतो. पहिला आठवडा तर अलार्म लावूच नका, तुमचा फ्रिज कसा चढतो-उतरतो ते नुसतं बघा. हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो, पण दुसरा उपाय मला माहीत नाही.

बाकीच्या चुका भराभर. स्वस्त म्हणून डीएचटी११ सेन्सर घेऊ नका, तो शून्याखाली भरवशाचा नाही. डीएस१८बी२० वर ८५ दिसलं तर फ्रिज पेटलेला नाही, प्रोबला नुकता करंट मिळालाय. उणे १२७ म्हणजे बहुतेक वेळा वायर सुटली. बोर्ड आणि बटणसेल आत ठेवू नका. थंडीत सेल मान टाकतो आणि पत्र्याच्या पेटीतून वाय-फाय नीट बाहेर येत नाही. वायर दाराच्या रबरातून काढायची, ती चपटी घ्या. भोक पाडायचा विचारसुद्धा नको! डीप फ्रीझरच्या भिंतीत गॅसच्या नळ्या असतात आणि बऱ्याच नव्या मॉडेलांत तो गॅस पेट घेणारा असतो. फ्रीझर स्मार्ट प्लगवर (मोबाईलवरून चालू-बंद होणाऱ्या) लावणाऱ्यांना तर मी हात जोडतो. लाईट गेली आणि आली की काही प्लग बंदच राहतात.

इन्शुलिनसाठी हे करत असाल तर २ ते ८ अंश, आणि खालच्या बाजूचा अलार्म आधी लावा. मागच्या भिंतीला टेकून गोठलेलं इन्शुलिन वितळलं तरी टाकूनच द्यायचं. प्रोब वापरायच्या आधी कुटलेल्या बर्फाच्या आणि पाण्याच्या काल्यात ढवळून शून्य दाखवतो का बघा. अर्धा अंश इकडेतिकडे चालेल, दोन अंश नाही.

सगळं लावून झालं की घराचा मेन स्विच पाडा आणि लांबच्या मोबाईलवर बोंब येते का ते बघत अर्धा तास थांबा. बाबांची मॅच चालू नसताना.