ताई ची: हात सर्वांत शेवटी

ताई ची ही चीनमधली संथ हालचालींची विद्या शिकायला आलेल्या माणसाचं लक्ष आधी हातांवर जातं. साहजिक आहे, बघायला हातच सुंदर दिसतात. पण माझ्याकडे पहिले काही आठवडे हात कमरेवर ठेवायचे. शाळेत आयुष्यभर शारीरिक शिक्षण शिकवल्यावर माझं मत पक्कं झालंय: या विद्येचं तत्त्वज्ञान आधी तळपायांना कळावं लागतं, मग डोक्याला.

आत्ताच करून बघा. पाय खांद्यांइतक्या अंतरावर, एकमेकांना समांतर. गुडघे ताठ नकोत, किंचित सैल. माकडहाड जमिनीकडे, मान सरळ, हनुवटी जराशी आत, खांदे खाली सोडलेले. श्वास नाकाने घ्या आणि तो बेंबीच्या खालपर्यंत जाऊ द्या. दोन-तीन मिनिटं असंच उभं राहायचं. चीनमध्ये या स्थितीला वूजी म्हणतात. इथे अजून डावं-उजवं सुरूच झालेलं नाही.

आता सगळं वजन सावकाश उजव्या पायावर न्या. डावा पाय इतका रिता झाला पाहिजे की तो उचलताना बाकीचं अंग जराही हलू नये. हललं, तर अजून थोडं वजन तिकडे राहिलंय. परत या, आणि डावीकडे भरा. काळ्या-पांढऱ्या अर्ध्या भागांचं यिन-यांगचं वर्तुळ तुम्ही कुठे ना कुठे पाहिलंच असेल. ते आत्ता तुमच्या दोन पायांत आहे. अकराव्या शतकात झोऊ दुनयी या विचारवंताने लिहून ठेवलं की गती टोकाला पोहोचली की स्थिरता येते, आणि स्थिरता टोकाला गेली की पुन्हा गती. पाय पूर्ण भरला की त्याला रितं होण्यावाचून दुसरी वाटच नसते. दोन्हीकडे निम्मं-निम्मं वजन ठेवून हालचाल करणं हा ताई चीमध्ये मोठा दोष मानतात.

आता एवढं सावकाश का, ते सांगते. ही मुळात लढण्याची कला आहे. वुदांग पर्वतावरच्या झांग सानफेंग नावाच्या ताओपंथी साधूने साप आणि पक्ष्याची झुंज पाहिली आणि त्यातून ही कला सुचली, ही गोष्ट फार लाडकी आहे. गोष्ट म्हणून ती जरूर सांगावी. इतिहासाचा ठळक माग मात्र हनान प्रांतातल्या चेनजियागोउ या खेड्यात लागतो. सतराव्या शतकात तिथल्या चेन वांगतिंग या योद्ध्याने मुष्टियुद्धाचे डाव आणि श्वासाची जुनी साधना एकत्र आणली असं मानतात. चेन घराण्याच्या प्रकारात आजही मध्येच झटके आणि उड्या येतात. याच गावात बाहेरून येऊन शिकलेल्या यांग लूचान (१७९९–१८७२) यांनी ही विद्या बीजिंगला नेली. त्यांचे नातू यांग चंगफू यांनी तिला संथ, एकसारखी लय दिली आणि मग ती सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. वेग काढून घेतला की तोल कुठे जातो ते लपत नाही. म्हणून हळू.

‘चीनचं सोलापुरात कशाला?’ असं मला विचारतात. आपले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथल्या जखमी सैनिकांची सेवा करत राहिले आणि १९४२ साली तिथेच वारले. ज्या मातीने आपला माणूस आपला मानला, तिथला व्यायाम मला परका वाटत नाही.

पुढचा धडा चालण्याचा. वजन मागच्या पायावर पूर्ण ठेवून पुढची टाच अलगद टेकवा, मग चवडा, मग वजन. पाऊल टाकायचं आधी, त्यावर विश्वास टाकायचा नंतर. गुडघा पायाच्या बोटांच्या पुढे जाऊ देऊ नका, आतही वळू देऊ नका. दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या मावश्यांचे गुडघे आधीच धरलेले असतात. त्यांना मी सांगते, मावशी, उभ्याच राहा, खाली बसूच नका. उंच उभं राहून केलेली ताई चीही पूर्ण ताई चीच असते. दुखलं तर थांबायचं. वयस्कांचं तोल जाऊन पडणं या व्यायामाने कमी होतं, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. चपला काढा, सपाट तळाचे कॅनव्हासचे बूट चालतील. आणि आपला उन्हाळा बघता एप्रिल-मेमध्ये सूर्य वर यायच्या आत उरका.

मग कंबर. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वरांचे नंदीध्वज पेलणाऱ्यांकडे नीट बघा. एवढी उंच काठी नुसत्या दंडाच्या जोरावर उभी राहत नाही. पाय रोवलेले असतात आणि कंबर त्यांच्याशी जोडलेली असते. ताई चीमध्ये हात असेच चालतात: जोर पायातून निघतो, कंबर त्याला दिशा देते, बोटं फक्त पोहोचवतात.

हे अंगात आलं की हात सोडा. ‘ढगांचे हात’ ही हालचाल घ्या. एक तळवा चेहऱ्यासमोर, दुसरा बेंबीसमोर, दोन्ही आपल्याकडे वळलेले. वजन उजवीकडे जाईल तशी कंबर उजवीकडे वळेल आणि हात तिच्याबरोबर जातील. टोकाला पोहोचलात की वरचा हात खाली, खालचा वर, आणि परतीचा प्रवास. हात स्वतःहून कुठेही जात नाहीत. ते जायला लागले की पुन्हा कमरेवर ठेवा.

शेवटी जोडीदार घ्या. समोरासमोर उभं राहून मनगटाला मनगट लावा. त्याने हळू ढकलावं, तुम्ही अडवायचं नाही आणि मनगट सोडायचंही नाही; वजन मागे नेत कंबर वळवायची, त्याचा जोर बाजूने निघून जातो. पाण्याइतकं मऊ काही नाही, तरी कठीणावर तेच मात करतं, हा प्राचीन चिनी तत्त्वज्ञ लाओत्सेचा विचार इथे मनगटावर कळतो. यंत्रमागावर पाळी करून आलेले दणकट अण्णा इथे हमखास अडतात, कारण जोराला जोर लावायची सवय असते. त्यांना मी डोळे मिटून करायला सांगते. खांदे आपोआप सैल पडतात.

एवढं जमल्यावर १९५६ साली चीनमध्ये बसवलेला २४ हालचालींचा सोपा क्रम शिकायला घ्या. शिकवणारा निवडताना एवढंच बघा की तो तुमच्या पायांकडे बघतो की हातांकडे.