अभ्यासिकेच्या दारातला गर्दी-सेन्सर : या चुका टाळा

दुपारी अडीचच्या उन्हात पर्वती पायथ्यापासून नवी पेठेत चालत आलेला एक मुलगा मला अभ्यासिकेच्या जिन्यात भेटला. "दादा, मोबाईलवर चौदा जागा रिकाम्या दिसत होत्या. वर एकही नाही." तो रागावला नव्हता, दमला होता. परीक्षा सहा आठवड्यांवर आलेली आणि दुपारचा तास-दीड तास असा गेलेला. तो आकडा मी बसवलेल्या सेन्सरचा होता.

त्यानंतर पुण्याच्या पेठांमधल्या आणखी दोन अभ्यासिका आणि एका बागेचं दार असं काम केलं. प्रत्येक ठिकाणी काही ना काही चुकलं. हल्ली बऱ्याच सोसायट्या, वाचनालयं, मंडळं 'आत किती गर्दी आहे' हे दाखवणारा बोर्ड लावायचं मनावर घेतात. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे, कारण त्या आकड्याच्या भरवशावर कुणीतरी घरातून निघतं.

माणसं मोजली, जागा मोजल्याच नाहीत

त्या दिवशी सेन्सर बरोबर होता. साठ खुर्च्यांच्या हॉलमध्ये खरोखर शेहेचाळीस माणसं होती. उरलेल्या चौदा खुर्च्यांवर पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि उघडी पुस्तकं होती, मालक खानावळीत जेवायला गेले होते. मी साठातून शेहेचाळीस वजा केले आणि उत्तराला 'रिकाम्या जागा' असं नाव दिलं. चूक त्या नावात होती.

यावर लोक लगेच खुर्चीखाली वजनाचा सेन्सर लावायला सुचवतात. एमपीएससीच्या पुस्तकांनी भरलेली सॅक त्या सेन्सरला माणूसच वाटते. टेबलाखाली मिलिमीटर-वेव्ह रडार लावून पाहिला. तो श्वासाची हालचालसुद्धा टिपतो, पण वर फिरणारा पंखा आणि वाऱ्याने हलणारा पडदाही टिपतो. संवेदनशीलता आणि अंतराची मर्यादा कमी करत नेल्यावर तो बरा चालला. पण साठ खुर्च्यांना साठ सेन्सर, साठ वायरी आणि त्यांची देखभाल हे छोट्या अभ्यासिकेला झेपणारं नाही. शेवटी बोर्डवरचे शब्द बदलले : 'आत माणसं ४६, एकूण खुर्च्या ६०'. सोबत एक ओळ घातली, 'दुपारी १२ ते ३ जागा धरलेल्या असू शकतात'. जागा किती वेळ धरून ठेवायची याचा नियम अभ्यासिकेनेच करायचा असतो, तो सेन्सरवर ढकलू नये.

दारात काय घडतं ते न पाहता सेन्सर लावणं

सगळ्यात स्वस्त म्हणून पहिल्यांदा पीआयआर, म्हणजे अंगाची उष्णता टिपणारा सेन्सर घेतला जातो, बहुधा एचसी-एसआर५०१ हे मॉडेल. गरम अंगाची हालचाल झाली की तो 'कोणीतरी आहे' एवढंच सांगतो. कितीजण, कुठल्या दिशेने, हे त्याला कळत नाही. वाचत निश्चल बसलेला माणूस त्याच्या लेखी नसतोच. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत हवेचं तापमान अंगाच्या जवळ आलं की त्याची नजर आणखी मंदावते. जिन्यातला दिवा लावायला तो उत्तम, माणसं मोजायला घेऊ नका.

दुसरा प्रकार चौकटीत आडव्या मारलेल्या अदृश्य किरणाचा. किरण तुटला की एक माणूस. चहाला तिघं एकत्र निघाले, तर तो एकच मोजतो. दिशा हवी तर दोन किरण लागतात, कुठला आधी तुटला ते पाहायला.

माझी खरी अडचण चपलांनी केली. आपल्याकडे अभ्यासिकेच्या दारातच चपला काढतात. माणूस एक पाय आत टाकतो, वाकतो, दुसरा बूट काढायला मागे सरकतो, कुणाचा फोन येतो म्हणून बाहेर जातो, पुन्हा येतो. एका माणसाचे आत-बाहेर-आत असे तीन फेरे नोंदले जातात. आठवडाभर मी कोडमध्ये दोष शोधत होतो. मग एका सकाळी दारासमोर नुसता अर्धा तास बसलो आणि दहा मिनिटांत कळलं. चपलांचा रॅक दारापासून चार पावलं मागे, पॅसेजमध्ये सरकवला आणि निम्म्याहून जास्त घोळ त्या दिवशीच संपला. म्हणून काही विकत घेण्याआधी दारासमोर बसा, सकाळी उघडताना आणि जेवणाच्या वेळी.

आता मी चौकटीच्या वरच्या पट्टीवर खाली पाहणारा अंतर मोजणारा सेन्सर लावतो. व्हीएल५३एल१एक्स हा त्यातला बरा, चार मीटरपर्यंत पाहतो, आणि त्याचं दृष्टिक्षेत्र आतला-बाहेरचा अशा दोन भागांत वाटता येत असल्याने दिशा कळते. दोन गोष्टी सांभाळा. दार पश्चिमेला असेल तर संध्याकाळचं तिरपं ऊन थेट पडलं की त्याची पोच घटते. वर छोटं छज्जासारखं आवरण करा. आणि आकडा अचानक शून्यावर अडकला किंवा कुणी नसताना पळू लागला, तर कोड उघडण्याआधी स्टूल घेऊन वर चढा. बहुतेक वेळा भिंगासमोर कोळ्याचं जाळं असतं.

माणसं एकेक करून यावीत म्हणून दाराच्या दोन झडपांपैकी एकीला कायमची कडी घालायचा मोह होतो. ते करू नका. आग लागली तर त्याच दारातून साठ मुलांना बाहेर पडायचं आहे. दोन्ही झडपांच्या वर स्वतंत्र सेन्सर लावा.

चूक साठत जाते

दार मोजणाऱ्या पद्धतीत हा दोष मुळातच आहे. समजा दिवसाला सहाशे वेळा माणसं आत येतात आणि तितक्याच वेळा बाहेर जातात. येताना शंभरातले सत्त्याण्णव टिपले आणि जाताना नव्याण्णव, तर ५८२ आले आणि ५९४ गेले. एका दिवसात उणे १२, पाच दिवसांत उणे ६०. ९७ टक्के अचूक असलेलं यंत्र आठवड्याच्या आत निरुपयोगी होतं.

आकडा शून्याखाली गेला की तो शून्यच दाखवायचा, असा उपाय बरेचजण करतात. त्याने फक्त चूक झाकली जाते. बागेला सोय असते, ती रात्री बंद होते तेव्हा मोजणी शून्य करता येते. चोवीस तास उघड्या अभ्यासिकेत शून्याची वेळच नसते. आमच्याकडे रात्री एक वाजता अभ्यासिका सांभाळणारे काका फेरी मारतात. त्यांच्या टेबलावर छोटं यंत्र ठेवलं : डोकी मोजायची, आकडा घालायचा, बटण दाबायचं. दुपारच्या जेवणानंतर आणखी एकदा. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते कुणाच्या तरी नावावर नसेल तर महिन्याभरात बंद पडतं.

पडताळा म्हणून हवेतल्या कार्बन डायऑक्साइडकडे पाहता येतं. बाहेर तो सुमारे ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो, भरलेल्या बंद खोलीत सहज हजाराच्या वर जातो. इथे एमक्यू-१३५ हा स्वस्त वायू-सेन्सर घेऊ नका. तो कार्बन डायऑक्साइड वेगळा ओळखत नाही, धूर, अमोनिया, अल्कोहोल अशा अनेक वायूंना एकत्र प्रतिसाद देतो. संध्याकाळी काकांनी उदबत्ती लावली की हॉल तुडुंब भरल्याचं दिसायचं. एमएच-झेड१९ किंवा एससीडी४० यांसारखा खरा सेन्सर घ्या, आणि त्यातली आपोआप कॅलिब्रेट होण्याची (आपलं माप जुळवून घेण्याची) सोय बंद करा. ती सोय असं धरून चालते की मधूनमधून खोली पूर्ण रिकामी होते आणि तेव्हाचं सर्वांत कमी माप म्हणजे बाहेरची हवा. कधीच रिकाम्या न होणाऱ्या खोलीत सेन्सर ७०० ला ४०० समजू लागतो. दोन महिन्यांनी एकदा गच्चीत नेऊन, वीसेक मिनिटं मोकळ्या हवेत ठेवून हाताने कॅलिब्रेट करा. शिवाय माणसं गेल्यावरही हे माप बराच वेळ वरच राहतं, तेव्हा त्यावरून मिनिटामिनिटाची गर्दी सांगू नका. पण मुलांना दुपारी पेंग का येते ते त्यावरून नक्की कळतं. तेव्हा खिडक्या उघडा.

आसपासच्या फोनचे वाय-फाय संदेश मोजण्याच्या जुन्या युक्तीच्या मागे लागू नका. २०१४ मध्ये आयफोनने आणि पुढे अँड्रॉइडनेही त्या संदेशांत फोनच्या कायमच्या पत्त्याऐवजी बदलते पत्ते वापरायला सुरुवात केली. एकच फोन आता अनेक फोनसारखा दिसतो.

शिळा आकडा ताजा म्हणून दाखवणं

मला सर्वांत जास्त टोचते ती ही चूक. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणं पुण्याला नवीन नाही. वीज गेली, राउटर बंद पडला, आणि मोबाईलवर सकाळी साडेनऊचा '१८ माणसं' हा आकडा दुपारपर्यंत तसाच हिरवा राहिला. तो पाहून किती मुलं निघाली असतील ते मला कधीच कळणार नाही.

आकड्यासोबत वेळ दाखवा : 'दुपारी २:१४ ची स्थिती'. कोणी आलं-गेलं नाही तरी यंत्राने दर मिनिटाला 'मी चालू आहे' अशी हजेरी लावली पाहिजे. तीन मिनिटं हजेरी नाही, की आकडा काढून टाकायचा आणि राखाडी रंगात 'सध्या माहिती नाही' लिहायचं. संस्थाचालकांना हे आवडत नाही, बोर्ड बंद पडल्यासारखा दिसतो म्हणतात. तरी आग्रह धरा.

वीज परत आल्यावरचे घोटाळे वेगळे. राउटर सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो. ईएसपी३२, म्हणजे सेन्सरला जोडलेला वाय-फायवाला छोटा नियंत्रक, त्याआधीच जागा होतो, जोडणी न मिळाल्याने गप्प बसतो. पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहण्याची सूचना कोडमध्ये हवी. तो फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणून कुणी राउटरवर निव्वळ ५ गिगाहर्ट्झ ठेवलं तर तो हरवतो. मोजणी फक्त त्याच्या तात्पुरत्या स्मृतीत असेल तर ती शून्य होते आणि भरलेला हॉल रिकामा दिसतो. उलट प्रत्येक माणसागणिक फ्लॅशमध्ये, म्हणजे कायमच्या स्मृतीत लिहिलंत तर तिची लिहिण्याची मर्यादा संपत जाते. प्रत्येक नोंद लगेच सर्व्हरला पाठवा आणि सुरू होताना शेवटचा आकडा तिथूनच मागवा. वेळेच्या जागी १ जानेवारी १९७०, सकाळी ५:३० दिसलं, तर यंत्राला घड्याळच मिळालेलं नाही, म्हणजे नेट नाही, हे ओळखा.

उघड्या जागा आणि धोक्याच्या जागा

तुळशीबागेच्या बाजाराला किती तोंडं आहेत ते प्रत्येक पुणेकराला माहीत आहे. तिथे दार मोजणारी पद्धत चालणार नाही. वरून एका ठरावीक तुकड्यावर नजर ठेवून तो किती भरला एवढंच पाहावं. थर्मल (उष्णता टिपणारा) सेन्सर मे महिन्यात ताडपत्रीखालच्या तापलेल्या फरशीवर आंधळा होतो, आणि लटकवलेले कपडे रडारला माणसांसारखे हलताना दिसतात. त्यामुळे तिथे 'मोकळं, मध्यम, दाट' यापलीकडे सांगू नये. सारसबागेत दिवाळी पाडव्याच्या पहाटे जमणाऱ्या गर्दीच्या दिवशी नेहमीच्या दिवसांवरून ठरवलेल्या पातळ्या कामाला येत नाहीत. त्या जागेच्या क्षेत्रफळावरून ठरवा. दर चौरस मीटरला चार-पाच माणसं झाली की धोका सुरू होतो. सातच्या आसपास गर्दी पाण्यासारखी वाहते आणि माणसाचा स्वतःच्या पायांवर ताबा राहत नाही.

१५ जून २०२५ ला, रविवारी, मावळात इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांची गर्दी असताना कोसळला. चार जण गेले. अशा जागी बोर्ड लावून भागत नाही. आकडा पाहून लोकांना अडवण्याचा अधिकार असलेला माणूस तिथे उभा हवा. आणि तिथे 'माहिती नाही' याचा अर्थ बदलतो. अभ्यासिकेत तो राखाडी रंग असतो, पुलावर त्याचा अर्थ 'थांबा' असाच धरायचा.

कॅमेऱ्याने मोजणी नेमकी होते, पण चेहरे साठतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच. त्याहीपेक्षा अभ्यासिकेत मुली रात्री उशिरापर्यंत बसतात, त्यांना आपण कुणाच्या स्क्रीनवर आहोत असं वाटता कामा नये. कॅमेरा लावायचाच असेल तर चित्र यंत्रातच मोजून तिथेच पुसलं जावं, बाहेर फक्त आकडा जावा, आणि तसं दारावर मराठीत लिहावं.

नवीन सेन्सर लावला की मी पहिले सात दिवस बोर्ड लोकांना दाखवत नाही. रोज दोनदा, गर्दीच्या वेळी अर्धा तास, हातात मोजणीचं बटण घेऊन दारात बसतो आणि वहीत दोन रकाने लिहितो : मी मोजलेले, त्याने मोजलेले. फरक शंभरामागे पाचाच्या आत आला की आठव्या दिवशी बोर्ड सुरू होतो. त्यानंतर ती वही काकांच्या टेबलावर राहते, आणि महिन्यातून एकदा त्यात नवीन ओळ पडते.