कापड दुकानाचा गल्ला, माल आणि गिऱ्हाइकांची माहिती कशी सांभाळावी

सुरुवात बिलिंगच्या कॉम्प्युटरपासून करा. बहुतेक दुकानांत त्यावर एकच लॉगिन असतं आणि मालकापासून दिवाळीपुरत्या लावलेल्या मुलापर्यंत सगळे तेच वापरतात. चोरी इथे फार सोपी होते. गिऱ्हाईक १,८०० रुपये रोख देऊन कुर्ता घेऊन जातं. तासाभराने ते बिल रद्द होतं किंवा माल न येताच ‘परत आला’ अशी नोंद पडते. काउंटरवरचा माणूस तेवढी रोख काढून घेतो. रात्री गल्ला बरोबर जुळतो, कमी भरतो तो माल, आणि तेही वर्षअखेरच्या मोजणीत कळतं.

म्हणून प्रत्येकाला वेगळा युजर आयडी द्या. बिल करणाऱ्याला बिल रद्द करण्याचा, परतावा देण्याचा किंवा १० टक्क्यांवर सूट देण्याचा अधिकार नको. तो मॅनेजरकडे ठेवा. रोज रात्री रद्द झालेल्या आणि परताव्याच्या बिलांची यादी काढून परत आलेला नग प्रत्यक्ष रॅकवर आहे का ते बघा. ही व्यवस्था हमखास मोडते ती सणाच्या गर्दीत: मॅनेजर ‘तूच टाक’ म्हणून पासवर्ड सांगून टाकतो. त्या दिवसांत मॅनेजरला काउंटरजवळच उभं करा आणि गर्दी ओसरली की पासवर्ड बदला. नोकरी सोडणाऱ्याचा आयडी त्याच संध्याकाळी बंद व्हायला हवा. टॅलीवर हिशेब असेल तर एडिट लॉग (कोणती नोंद कोणी, कधी बदलली याचा माग) असलेली आवृत्ती घ्या. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असा माग ठेवणारं सॉफ्टवेअर वापरणं सक्तीचंच आहे, पण एकट्या मालकाच्या दुकानालाही त्याचा तितकाच उपयोग होतो.

बदलून देताना रोख देऊ नका, क्रेडिट नोट द्या, आणि मूळ बिलाचा नंबर टाकल्याशिवाय ती निघणार नाही अशी सोय करून घ्या. टॅगची अदलाबदल वेगळी. ३९९ च्या टी-शर्टचा बारकोड १,४९९ च्या शर्टवर लावला, तरी मशीन निमूट स्कॅन करतं. मास्टरमध्ये, म्हणजे बिलिंगमधल्या मालाच्या मूळ यादीत, नुसतं ‘शर्ट’ लिहिलेलं असेल तर काउंटरवरच्या माणसालाही ते पकडता येत नाही. ब्रँड, रंग, साइज असं पूर्ण वर्णन भरा.

क्यूआर कोड काचेच्या आत लावा आणि दुकान उघडल्यावर स्वतःच्या फोनने स्कॅन करून नाव तपासा, कारण वरून दुसरं स्टिकर चिकटवलं जातं. पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट खोटा बनवता येतो. पैसे आल्याचं बोलून सांगणारा साउंडबॉक्स बोलला नाही तर मर्चंट ॲपमध्ये नोंद दिसेपर्यंत पिशवी हातात देऊ नका. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगा.

आता गिऱ्हाइकांची माहिती. बिलासाठी मोबाइल नंबरची सक्ती करू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलं आहे. त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेत हयगय झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नाव आणि नंबर पुरे. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, घरचा पत्ता उगाच गोळा करू नका. जे साठवलंच नाही ते चोरीलाही जात नाही. यादी सेल्समनच्या खासगी फोनवर नको. दुकानाचा वेगळा फोन ठेवा, त्यावरच्या व्हॉट्सॲपला टू-स्टेप पिन लावा, आणि संपूर्ण यादी एक्स्पोर्ट करण्याचा अधिकार फक्त मालकाकडे असू द्या.

दुकानातलं वायफाय गिऱ्हाइकांसाठी खुलं असेल तर बिलिंगचं नेटवर्क वेगळं करा. राउटर आणि सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरचे कंपनीने दिलेले पासवर्ड बदला. अमेरिकेतल्या टीजेएक्स या कपडे विकणाऱ्या साखळीत चोर कमकुवत वायफायमधूनच शिरले होते. २००७ मध्ये ते उघडकीस आलं तेव्हा साडेचार कोटींहून जास्त कार्डांचे नंबर गेलेले होते. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनच्या मार्क्स अँड स्पेन्सरमध्ये हल्लेखोर बाहेरच्या सेवा पुरवठादारामार्फत, दुसऱ्याच्या नावाने बतावणी करून आत आले. ऑनलाइन विक्री सुमारे दीड महिना बंद पडली. लहान दुकानात हीच बतावणी ‘सॉफ्टवेअर कंपनीतून बोलतोय, एनीडेस्क चालू करा’ अशा फोनने होते. एनीडेस्क म्हणजे दुरून तुमचा कॉम्प्युटर चालवू देणारं रिमोट ॲप. फोन ठेवा आणि देखभाल करारावर छापलेल्या नंबरवर स्वतः लावून खात्री करा. काम झालं की रिमोट ॲप बंद करा आणि कायमच्या प्रवेशाचा पासवर्ड ठेवू नका.

बॅकअपचा पेन ड्राइव्ह कायम कॉम्प्युटरलाच खोचलेला असेल तर रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) त्याच्यावरच्या फाइलीही कुलूपबंद करतं. दोन ड्राइव्ह घ्या, एक दिवसाआड बदला, आणि दुकानात नसलेला ड्राइव्ह घरी असू द्या. २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत पुराचं पाणी शिरलं तसं झालं, तर दुकानातल्या ड्राइव्हचा काही उपयोग नाही. दर तीन महिन्यांनी बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून कालचं बिल दिसतंय का ते पाहा. न उघडलेल्या बॅकअपवर विसंबू नका.

विम्यात मालाची रक्कम कमी दाखवण्याची सवय महागात पडते. माल ८० लाखांचा, विमा ५० लाखांचा आणि नुकसान १६ लाखांचं असेल, तर प्रमाणात कापून १० लाखच मिळतात. दिवाळी आणि लग्नसराईच्या आधी साठा वाढतो तेव्हा रक्कम वाढवून घ्या.

स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी दिसली तर नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा, स्क्रीनचा फोटो घ्या. फॉरमॅट करायची घाई नको. खात्यातून पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. अशा घटनेची खबर सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला सहा तासांत द्यायची असते. काउंटर चालू राहावं म्हणून आधीपासून नंबर छापलेली दोन हातबिलाची पुस्तकं आणि दरांची छापील यादी गल्ल्यात ठेवा. पुस्तकाची नंबरमालिका वेगळी ठेवा, म्हणजे नंतर कॉम्प्युटरवर नोंदी चढवताना जीएसटीच्या क्रमांकांत घोळ होत नाही.