वन्यजीव संवर्धनात समाजशास्त्राचा विद्यार्थी काय करतो?

समाजशास्त्र, अर्थशास्त्र किंवा समाजकार्य शिकलेली मुलंमुली दरवर्षी मला हेच विचारतात: "आम्हाला पक्षी ओळखता येत नाहीत, झाडांची शास्त्रीय नावं माहीत नाहीत, मग वन्यजीवांच्या क्षेत्रात आम्हाला काम मिळेल का?" मिळेल. काम भरपूर आहे आणि ते करणारी माणसं कमी आहेत. पण ते काम कसलं, याबद्दल बाहेर गैरसमज आहेत आणि क्षेत्राच्या आतही आहेत. पुष्कळ ठिकाणी आपल्याला घेतात ते 'जनजागृती'साठी. काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं. आपण फक्त लोकांना पटवायचं, पोस्टर लावायची, शाळेत चित्रकला स्पर्धा घ्यायची. यात वाईट काही नाही, पण तेवढ्यासाठी दोन वर्षं एम.ए. करायची गरज नाही. आपलं काम त्याच्या बरंच आधी सुरू होतं. अडचण नेमकी कोणाची आहे, तिची किंमत कोण मोजतंय आणि निर्णय कोणाच्या हातात आहे, हे आपण शोधायचं असतं. मी उत्तर पुणे जिल्हा आणि अकोले-संगमनेर पट्ट्यात बिबट्यांच्या प्रश्नावर काम करते, म्हणून तिथलंच सांगते.

कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालवे आले आणि जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात ऊस उभा राहिला. ऊस तोडणीला यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तेवढा काळ बिबट्याला दाट आडोसा मिळतो, पाणी जवळ असतं आणि वस्तीवरची कुत्री, शेळ्या, वासरं हाताशी असतात. माद्या उसातच पिल्लं घालतात. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात माणसांवरचे हल्ले एकदम वाढले. बिबटे पिंजऱ्यात धरून लांबच्या जंगलात सोडायचे, हा तेव्हाचा उपाय होता. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की बिबटे हलवायला सुरुवात झाल्यानंतर हल्ले वाढले होते आणि जिथे नेऊन सोडले तिथेही माणसांवर हल्ले झाले होते. पुढे अकोले तालुक्यात त्यांनी शेतीच्या पट्ट्यात कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शंभर चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच प्रौढ बिबटे निघाले. तिथे आजूबाजूला जंगल नाही, गावं आणि शेतं आहेत. तरी माणसांवरचे हल्ले तिथे तुरळक होते.

एवढं झाल्यावर प्राणिशास्त्र थांबतं आणि आपल्या विषयाची पाळी येते. बिबटे उचलून दुसरीकडे सोडल्याने भागत नाही, हे माहीत असूनही शेळी गेली की लगेच "पिंजरा लावा" ही मागणी का होते? वनखात्याच्या राउंड ऑफिसात काही दिवस नुसतं बसून राहिलात तर उत्तर दिसायला लागतं. घटनास्थळी आधी पोचतो तो वनरक्षक. समोर पन्नास माणसं तापलेली असतात, सरपंचांनी आमदारांना फोन लावलेला असतो आणि वरून साहेबांचा फोन येत असतो. खात्याने काहीतरी केलं, हे डोळ्यांना दिसेल अशी एकच वस्तू त्याच्याकडे असते, ती म्हणजे पिंजरा. तो लावला की जमाव पांगतो. पिंजरा बिबट्यासाठी जितका असतो तितकाच माणसांसाठी असतो. हे कळल्याशिवाय "लोकांना विज्ञान कळत नाही" म्हणणं सोपं आहे, आणि ते चूक आहे.

आता मुलाखतींबद्दल, कारण नव्या माणसाचा सगळा कस तिथे लागतो. छापील प्रश्नावलीत हमखास एक प्रश्न असतो: 'तुम्हाला बिबट्याची भीती वाटते का? हो / नाही / सांगता येत नाही.' याचं उत्तर काहीही आलं तरी हाती काही लागत नाही. मी विचारते, "काल रात्री मोटार चालू करायला कोण गेलं होतं?" एका वस्तीवर ओट्यावर बसून हा प्रश्न विचारला तेव्हा घरातल्या बाई लसूण सोलत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "मालकच जातात. या आठवड्यात लाईट रात्रीची हाय ना ताई." मग हळूहळू सगळं बाहेर आलं. थ्री-फेज लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात नवरा बॅटरी घेऊन, मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून उसाच्या कडेने विहिरीवर जातो. तो परत येईपर्यंत या जाग्या. मुलांना लघवीला उठवायचं तरी दार उघडायची हिंमत होत नाही. दिवसाच्या आठवड्यात मात्र "काय नाय वाटत, हितलाच हाय तो." म्हणजे त्याच घराचं उत्तर या आठवड्यात 'हो' आणि पुढच्या आठवड्यात 'नाही' आलं असतं. भीतीचं वेळापत्रक लाईटच्या वेळापत्रकाला बांधलेलं आहे, आणि ते ठरवणारी कचेरी वनखात्याची नाही. दिवसा वीज द्या, ही या भागातली जुनी मागणी आहे. ती संवर्धनाच्या अहवालात पहिल्या पानावर यावी, यासाठी कुणीतरी त्या ओट्यावर बसायला लागतं.

आणखी एक गोष्ट जपा: आपल्या यादीत कोण नाही, ते बघा. नमुना निवडायला आपण मतदार यादी किंवा ग्रामपंचायतीचं घरपट्टीचं रजिस्टर घेतो. दिवाळीच्या सुमाराला बीड, नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, फडाजवळ कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या घालतात. पहाटे अंधारात आईबाप तोडीला जातात, लहान मुलं कोपीत झोपलेली असतात. या गावाच्या कुठल्याच यादीत ती माणसं नाहीत. ग्रामसभेत ती बसत नाहीत, पंचायतीबाहेरचा सूचनाफलक त्यांच्यासाठी नसतो, आणि मुकादमाला विचारल्याशिवाय ती आपल्याशी बोलतही नाहीत. मेंढपाळांचंही असंच. शेतात वाडा, म्हणजे मेंढरांसकट मुक्काम, बसवलेला असतो, रात्री मेंढरू जातं, भरपाईसाठी पंचनामा लागतो, कागद लागतात, आणि पैसे मंजूर होईस्तोवर वाडा दुसऱ्या तालुक्यात गेलेला असतो. ज्यांना धोका सगळ्यात जास्त, नेमके तेच आपल्या आकडेवारीतून निसटतात. त्यामुळे तुमचा तक्ता कितीही सुबक असला तरी आधी विचारा, उघड्यावर झोपणारं कोणी यात आहे का?

माणूस आणि बिबट्याचं 'सहजीवन' हा शब्द मात्र जपून वापरा. अलीकडच्या वर्षांत जुन्नर, शिरूर, आंबेगाव, खेड भागात माणसं दगावली आहेत, त्यांत लहान मुलं आहेत, आणि लोक रस्त्यावर उतरले आहेत. ज्या घरातलं मूल गेलं त्या घरात जाऊन शहाणपण सांगायचा अधिकार कुठलीही पदवी देत नाही. अशा वेळी मुलाखती बंद. पुन्हा जायचं ते ओळखीच्या माणसाबरोबर, वही न घेता. याबाबत माझं मत कडक आहे: दुःखाच्या घरातून ताजी 'माहिती' आणणाऱ्या संशोधकाला मी पुन्हा गावात नेत नाही.

श्रद्धेबद्दलही दोन शब्द. पालघर, ठाणे, मुंबईच्या परिसरात वारली आणि इतर समाज वाघोबाला, म्हणजे वाघ-बिबट्याच्या रूपातल्या देवाला पुजतात. त्यावर २०२१ मध्ये चांगला अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. वाघोबाला नैवेद्य द्यायचा, वर्षाची पूजा चुकवायची नाही, मग तो राखतो, असं ते नातं आहे. त्यात भीती आहे, करार आहे, आणि नुकसान सोसायची ताकदही आहे. पण लगेच "या श्रद्धेचा संवर्धनासाठी वापर करू या" असं कुणी म्हणालं तर विरोध करा. देव ही खात्याची योजना नाही. शिवाय जमीन, पाणी आणि जंगलावरचा हक्क गेला तर नुसत्या पूजेवर ते नातं किती तग धरेल, हा खरा अभ्यासाचा प्रश्न आहे.

हक्कांचा विषय निघाला की मी नव्या मुलांना दोन ठिकाणांबद्दल वाचायला सांगते. पहिलं, राजस्थानातलं भरतपूर. १९८२ मध्ये केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला बंदी आली, विरोध झाला, गोळीबारात गावकरी मेले. पुढे गुरं नसल्यामुळे पाणथळीत गवत माजलं आणि ज्या पाणपक्ष्यांसाठी बंदी घातली त्यांचीच जागा कमी झाली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातूनच हे पुढे आलं. म्हशी त्या पाणथळीच्या व्यवस्थेचा भाग होत्या, हे चारणाऱ्यांना विचारलं असतं तर कदाचित आधीच कळलं असतं. दुसरं, गडचिरोलीतलं मेंढा-लेखा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली या गोंड गावाला २००९ मध्ये १,८०० हेक्टरच्या आसपास जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्याच्या कितीतरी आधीपासून गावाचा अभ्यास गट चालत होता, निर्णय सर्वसहमतीने होत होते. मिळकत सामाईक असली की ती उजाड होणारच, ही जुनी समजूत अमेरिकन अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या उदाहरणांवरून खोडून काढली, त्यासाठी त्यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचे सिद्धांत समजून घ्यायचे तर पुस्तकाच्या जोडीला मेंढा-लेखाच्या ग्रामसभेची कार्यपद्धत समजून घ्या. तिथे संस्था म्हणजे इमारत नव्हे, रोज पाळायचे नियम.

शिक्षणाचं विचाराल तर ठरलेली एकच वाट नाही. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, बंगळूरची 'एट्री' (ATREE) ही पर्यावरण संशोधन संस्था, डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, अशी ठिकाणं आहेत. प्रत्येकाचा कल वेगळा, आधी तिथल्या प्राध्यापकांचं काम वाचा आणि मग अर्ज करा. पदवीपेक्षा जास्त उपयोगाला येतात ती दोन-तीन कौशल्यं. सातबारा वाचता आला पाहिजे. वनविभागाची कार्य आयोजना (जंगलाच्या व्यवस्थापनाचा आराखडा) आणि नुकसानभरपाईचं रजिस्टर समजलं पाहिजे. आणि थोडं परिसरशास्त्र शिकाच. कॅमेरा ट्रॅपवरून घनता कशी काढतात हे कळत नसेल तर जीवशास्त्रज्ञ तुमच्याशी बरोबरीने बोलणार नाहीत, आणि त्यात त्यांचा सगळाच दोष नसतो. प्रकल्पाचा प्रस्ताव लिहिला जात असतानाच टेबलाशी बसायचा आग्रह धरा. शेवटच्या तीन महिन्यांत 'लोकांचा भाग' जोडून द्या म्हणून बोलावलं, तर नम्रपणे नाही म्हणा. पैशांचं म्हणाल तर सुरुवातीला बहुतेक कामं प्रकल्पापुरती, मुदतीची असतात. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

नोंदी ठेवताना एक पथ्य कधी मोडू नका. शिकार, फासे, करंट सोडणं असं काही कुणी विश्वासाने सांगितलं तर नाव, वस्ती, तारीख वहीत उतरवायची नाही. तुमची वही उद्या कोणाच्या हातात जाईल, सांगता येत नाही. संमती घेताना "यातून तुमचा फायदा होईल" असं बोलू नका; फायदा होईलच असं नसतं आणि लोक ते शब्द लक्षात ठेवतात. बायकांशी बोलायचं तर दुपारी भांडी झाल्यावर जा. पुरुष बसलेले असताना विचारलंत तर घरादाराच्या वतीने तेच उत्तर देतात.

कुठून सुरुवात करायची, तर आपल्या गावापासून. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातली झाडं, प्राणी आणि त्यांबद्दलचं लोकांचं ज्ञान यांची नोंद, असायला हवी. ती मागून बघा. बऱ्याच नोंदवह्या मुदत गाठायच्या घाईत भरल्या गेल्या आहेत. तुमच्या गावची कोणी भरली, कोणाला विचारून भरली, गुराखी आणि वैदू यांच्यापर्यंत कोणी गेलं का, एवढं शोधलंत तरी पहिला छोटा अभ्यास तयार होतो. त्यासाठी कुणाच्या निधीची वाट बघायला नको. उसाच्या पट्ट्यात काम करायचं असेल तर वनविभागाच्या परवानगीचा अर्ज पावसाळ्यातच टाका, परवानगीला वेळ लागतो. टोळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत पांगतात. त्यांच्याशी बोलायचं असेल तर त्याच महिन्यांत फडावर असावं लागतं, आणि तेही दुपारी, गाडी भरून गेल्यानंतर.